चार फोटो निवडताना

उद्या रात्री बारा वाजता क्लबच्या मासिक स्पर्धेसाठी फोटो स्वीकारणं बंद होईल. एका सदस्याला चार फोटो पाठवता येतात. तुमच्याकडे गेल्या तीन महिन्यांतले काही हजार फोटो आहेत, आणि त्यांतले चाळीस तरी मनापासून आवडलेले आहेत. आजची रात्र या चारांसाठी राखून ठेवू या. जेवणं आटोपली असतील, स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला असेल, तर खिडकीपाशी बसा. लॅपटॉप एवढ्यात उघडू नका. पाठ टेकवा. हात मांडीवर मोकळे सोडा. दिवसभर पडद्याकडे बघून शिणलेले डोळे मिटून घ्या आणि श्वास त्याच्या त्याच्या चालीनं येऊ-जाऊ द्या.

आता मिटल्या डोळ्यांनीच वाट पाहा. त्या चाळीस फोटोंतला एखादा आपणहून समोर येईल. शोधायला जाऊ नका. जो येईल तो येऊ द्या, आणि आला की त्याच्यासोबत आणखी काय काय आलं तेही पाहा. वारा आला का? कुणाचा आवाज? एखादा वास?

माझ्यापुढे येते ती उजनीच्या पाण्यावरची पहाट. हिवाळ्यात आम्ही चौघंजण भिगवणजवळच्या कुंभारगावला रोहित पक्षी बघायला गेलो होतो. धुकं इतकं दाट, की नावेत बसल्यावर नावेचं पुढचं टोकही दिसेना. बोटं इतकी गारठली होती की कॅमेऱ्याची चकती फिरवता येत नव्हती. मग कधीतरी धुक्यात एक सावली उभी राहिली. एक मच्छीमार आपल्या होडीत उभा राहून जाळं ओढत होता. आमच्या नाववाल्यानं वल्हं पाण्यातून वर काढून धरलं, आणि वल्ह्यावरून निथळणाऱ्या थेंबांखेरीज कसलाच आवाज राहिला नाही. मी दहा-बारा फोटो काढले. घरी येऊन त्यांतला एक मोठा करून पाहिला तेव्हा गळा दाटून आला.

तो मी स्पर्धेला पाठवला. परीक्षक सौम्यपणे बोलले, पण त्यांना त्यात एवढंच दिसलं: करडं पाणी, करडं आकाश आणि मधोमध उभा असलेला एक माणूस, ज्याचा चेहराही दिसत नाही आणि जाळंही दिसत नाही. गुण बेताचेच मिळाले. मला ते फार लागलं. पुढं कितीतरी दिवसांनी तोच फोटो पुन्हा उघडला तेव्हा ध्यानात आलं, की ज्यानं माझा गळा दाटला तो गारठा, ते थेंब, नाववाल्याच्या घरी चुलीजवळ बसून घेतलेला चहा, यांतलं काहीच त्या चौकटीत उतरलेलं नव्हतं. ते सगळं माझ्यापाशी होतं. परीक्षकांपाशी फक्त चौकट होती.

तुमच्यापुढे आत्ता जो फोटो आला आहे, त्याच्याकडे याच नजरेनं पाहा. त्या पहाटे तुम्ही किती वाजता उठलात, किती चाललात, किती तास एका जागी बसलात, हे बाजूला ठेवून पाहा. एकदम जमणार नाही. आठवण फोटोला घट्ट चिकटलेली असते, आणि ती ओढून काढायची नसते. तिला हळूच सांगा की तू इथंच माझ्याजवळ बस, हा एकटा पुढं जाणार आहे. सभागृहात परक्या माणसांपुढं तो उभा राहील तेव्हा तुम्ही अंधारात मागच्या रांगेत असाल, आणि तुम्हाला एक शब्दही बोलता येणार नाही. तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचं म्हणून काय असेल?

या प्रश्नापाशी थोडं थांबा. दोन-तीन श्वास जाऊ द्या.

आता लॅपटॉप उघडा. निवडलेला फोटो आधी नखाएवढा लहान करून पाहा. एवढा लहान असतानाही नजर कुठंतरी जाऊन टेकते का? मग तो आडवा उलटा करा, डावीकडचं उजवीकडे. आरशात पाहिल्यासारखा तो तुम्हालाच परका वाटेल. चित्रकार आपलं चित्र आरशात तपासतात ते यासाठीच. सवयीनं न दिसणारा कलता खांब तिथं दिसतो. मग त्याला खाली डोकं वर पाय करा. आता त्यातला माणूस माणूस राहत नाही, झाड झाड राहत नाही, नुसते उजेड-काळोखाचे तुकडे उरतात. सगळ्यात उजळ तुकडा कुठं आहे? तुम्हाला जे दाखवायचं आहे त्यावर आहे, की कोपऱ्यातल्या पांढऱ्या पिशवीवर?

रंग काढून टाकूनही एकदा पाहा. जेजुरीच्या सोमवतीचा फोटो असेल तर हे जरूर करा. पिवळा हा मुळातच उजळ रंग आहे. रंग गेला की भंडारा, म्हणजे उधळलेली हळद, पिठासारखा पांढरट दिसू लागतो, आणि मग कळतं की फोटोला धरून ठेवणारं दुसरं काही आहे की नाही: एखादा चेहरा, वर गेलेला हात, पायऱ्यांची रेष. असेल तर रंग परत आणा, तो आता त्या सगळ्याला साथ देईल. काहीच उरलं नसेल, तर तुम्ही हळदीचा फोटो काढला होता, माणसांचा काढला नव्हता.

एका फोटोला इतका वेळ दिलात की मनात येईल, पूर्वी लोक कसं निवडत असतील? ही निवड फार जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, लंडनच्या सोसायटीनंतर अवघ्या एका वर्षानं. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या १८५६ च्या. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या त्या सोसायटीचे सदस्य होते आणि स्वतः फोटो काढत. त्या माणसांच्या हातांची कल्पना करा. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रावण ओतायचं, काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे, आणि आपल्याकडच्या उन्हात तेवढाही वेळ मिळत नसणार. एका काचेमागं इतके कष्ट असल्यावर माणूस काच ओली करण्याआधीच निवड करतो. पुढं रोलमध्ये छत्तीस फोटो आले, तेव्हा निवड बटण दाबण्याच्या क्षणी होऊ लागली. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-वीस फोटो काढतात, म्हणून निवड घरी येऊन या खुर्चीत होते. निवड टळलेली कधीच नाही, तिची वेळ तेवढी बदलली. आत्ता तुम्ही इथं जे करत आहात तेच त्या तंबूबाहेर उभं राहून कुणीतरी करत होतं.

आणि तेव्हाही फोटो काढून झाल्यावर तो चार जाणत्यांच्या हाती द्यावासा वाटे, म्हणून तर सोसायट्या निघाल्या. १९३७ मध्ये मुंबईत सुरू झालेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया असो, १९५३ मध्ये स्थापन झालेलं भारतीय छायाचित्रण संस्थांचं फेडरेशन असो, की १९५० सालचा आंतरराष्ट्रीय महासंघ फियाप असो, या सगळ्यांच्या मुळाशी हीच साधी गरज आहे. जुन्या सदस्यांच्या घरी गेलात तर त्यांची माउंट केलेली प्रिंट उलटी करून पाहा. पाठीवर निरनिराळ्या सलोनची, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांची, लेबलं एकाशेजारी एक डकवलेली असतात. तो कागद टपालानं कुठं कुठं जाऊन, कुठल्या कुठल्या भिंतींवर टांगला जाऊन घरी परतला, त्याची ती वही असते. अशी प्रिंट हातात आली तर लगेच खाली ठेवू नका. तिचं वजन जाणवू द्या.

आता नियमांचा कागद समोर घ्या. बरेच जण हा कागद कपाळावर आठ्या घालून वाचतात. तुम्ही तो हळू वाचा, कारण प्रत्येक नियम एक प्रश्न विचारतो.

पहिला नियम मापाचा असतो. अनेक स्पर्धांत रुंदी १९२० पिक्सेल आणि उंची १०८० पिक्सेल, याहून मोठं काही चालत नाही. तुमच्या कॅमेऱ्यातून ६००० बाय ४००० चा फोटो निघतो. त्यात बसवल्यावर तो १६२० बाय १०८० होतो, म्हणजे दर चौदा पिक्सेलांमागं जेमतेम एक उरतो. ज्या पापणीच्या केसासाठी तुम्ही महागडी लेन्स घेतलीत तो केस कदाचित या गाळणीतून जाणारही नाही. काय जाईल? आकार जातील, उजेड जाईल, चेहऱ्यावरचा भाव जाईल. उभा फोटो असेल तर आणखी कठीण. तो ७२० बाय १०८० वर येतो आणि आडव्या फोटोच्या निम्म्याहूनही कमी जागा त्याला मिळते. म्हणून उभा फोटो पाठवू नये असं मी म्हणणार नाही. वारीत डोक्यावर तुळस घेतलेली बाई उभ्या चौकटीतच नीट मावते, तिला आडवं कापू नका. पण पडद्यावर ती लहान दिसणार हे आजच मनाशी कबूल करा. मग उद्या वाईट वाटणार नाही.

दुसरा नियम म्हणतो, फोटोवर नाव नको. हा नियम मला फार आवडतो. आपली सही, आपला शिक्का, कोपऱ्यातला पाण्यासारखा पुसट लोगो, सगळं काढून टाकायचं. तुम्ही कोण, कुठल्या कंपनीचा कॅमेरा वापरता, क्लबात किती वर्षं आहात, हे परीक्षकाला कळता कामा नये. तुमचं नाव नसलेला तुमचा फोटो एकदा पडद्यावर लावून पाहा. जरा ओकंबोकं वाटतं ना? ते वाटू द्या. थोड्या वेळानं तेच हलकं वाटू लागेल.

शीर्षक मात्र द्यावं लागतं. इथं हात आपोआप सरावाच्या शब्दांकडे जातो. ‘प्रतीक्षा’, ‘निरागस’, ‘जगण्याची धडपड’. म्हातारा माणूस दिसला की ‘प्रतीक्षा’, लहान मूल दिसलं की ‘निरागस’. फोटोतल्या म्हाताऱ्याकडे पुन्हा पाहा. तो खरंच कुणाची वाट पाहत होता? की एसटीच्या थांब्यावर बसून तंबाखू मळत होता? तंबाखूच मळत असेल तर तसंच लिहा. ‘फलटणच्या स्टँडवर, दुपारी दोन’ एवढ्या शब्दांत त्या माणसाचा जास्त मान राखला जातो.

मग विभाग येतात: ओपन, मोनोक्रोम, नेचर, ट्रॅव्हल. इतर विभागांत फारसा पेच नसतो, पण नेचरपाशी थांबायला हवं. फियाप, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी पीएसए आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून नेचरची एक व्याख्या केली आहे आणि आपल्याकडचे बरेच क्लब तीच मानतात. क्रॉप करता येतो, पण फोटोत जे होतं ते पुसायचं नाही, जे नव्हतं ते आणायचं नाही, आहे ते हलवायचं नाही. पक्ष्यासमोर आलेली काटकी पक्ष्यासमोरच राहते. बागेत लावलेला गुलाब किंवा पाळलेला प्राणी नेचरमध्ये बसत नाही. माणसानं केलेली वस्तू दिसू नये, पण जुन्या वाड्याच्या ढोलीत राहणाऱ्या घुबडासारखं जे प्राणी आपल्या वस्तीला सरावले आहेत त्यांच्या गोष्टीत ती वस्तू चालते.

हे वाचून डोळे पुन्हा मिटा आणि आपल्या नेचरच्या फोटोला एकच प्रश्न विचारा: मी तिथं नसतो तरी हे घडलं असतं का? नाववाल्यानं शेव फेकली आणि पाण्यावरचे कुरव पक्षी झेपावत आले, तो फोटो सुंदर आहे. पंख पसरलेले आहेत, डोळ्यात उजेड आहे. पण शेव नसती तर ते आले नसते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं २०१७ साली वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊच्या एका रात्रीच्या फोटोला पारितोषिक दिलं होतं. तो मुंगीखाऊ जिवंत नसून पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला आणि २०१८ मध्ये ते पारितोषिक काढून घेण्यात आलं. फोटो काढणाऱ्यानं आरोप नाकारला होता. मला त्या बातमीत अडकून राहायचं नाही. मला तुमच्या शेवेच्या फोटोपाशी थांबायचं आहे, कारण तुम्हाला कुणीही पकडणार नाही. परीक्षकाला शेव दिसत नाही. ती फक्त तुम्हाला माहीत आहे. असा फोटो ओपनमध्ये पाठवा, नेचरमध्ये पाठवू नका. आज रात्री शांत झोप लागेल.

हाच प्रश्न घेऊन कोल्हापूरच्या तालमीत या. पहाटेची वेळ, वरच्या झरोक्यातून आलेला उजेडाचा एक पट्टा, आखाड्यातली लाल माती. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या त्या मातीचा वास नाकात भरतो. पैलवान एकमेकांच्या अंगाला माती लावतात, ती खरी रीत आहे. पण कधी कधी आम्हा फोटोवाल्यांतलाच एखादा म्हणतो, ‘पुन्हा एकदा उधळा की, उजेडात उधळा.’ पोरं बिचारी उधळतात. सहाव्यांदा उधळलेल्या मातीचा फोटो मिळतो, आणि तो फोटो तुम्ही-आम्ही सगळ्यांनी शंभर वेळा पाहिलेला असतो. मी स्वतःही असं कधीतरी सांगितलं आहे, त्याची खंत वाटते. त्या तालमीत आपल्याआधी काय चाललं होतं? एखादा पोरगा कोपऱ्यात बसून लंगोटाची गाठ सोडवत असेल. वस्ताद भिंतीला टेकून कुणाच्या तरी सुजलेल्या कानाला हात लावून बघत असेल. तो फोटो कुणापाशी आहे?

दिवेघाटातली वारी, पट्टणकोडोलीचा भंडारा, जेजुरीच्या पायऱ्या, या जागा आपल्या सगळ्यांच्या आहेत आणि तिथं जाऊ नये असं मी म्हणत नाही. जा, पण चाळीस फोटोंमधून चार निवडताना त्या चारांत एक तरी असा ठेवा, जो शेजारी उभ्या असलेल्या बारा जणांना मिळाला नाही. मला आठवतो तो एका मित्राचा फोटो. जेजुरीला सगळी उधळण संपल्यावर एक आई पायरीवर बसून पोराच्या कानात गेलेली हळद पदराच्या टोकानं पुसते आहे. पोराचा एक डोळा घट्ट मिटलेला आहे. त्या फोटोत उधळण कुठंच नाही, तरी सगळी सोमवती त्यात आहे.

या आईपाशी आपण थोडं जास्त थांबू या.

तुमच्या चारांत माणसाचा चेहरा असेल तर तो पूर्ण पडदाभर करा आणि त्याच्या डोळ्यांत पाहा. त्या माणसाला माहीत होतं का तुम्ही फोटो काढता आहात? विचारलं होतं का? विचारलं नसेल तर निदान नजरानजर झाली होती का, हसून मान हलवली होती का? की तुम्ही लांबून, लेन्सच्या जोरावर तो क्षण उचलून आणलात? उत्तर काहीही आलं तरी स्वतःला टोचू नका, नुसतं ऐका. मग असं समजा, की उद्या सभागृहात तो माणूस तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसला आहे. पडद्यावर त्याचा चेहरा येतो. त्याच्या दारिद्र्यावर, त्याच्या सुरकुत्यांवर तिघंजण गुण देतात. तो तुमच्याकडे वळून बघतो. त्याच्या नजरेला नजर देता येते का? येत असेल तर फोटो पाठवा. अंग चोरल्यासारखं होत असेल तर तो बाजूला ठेवा, मग त्याला सुवर्णपदक मिळणार असलं तरी. याबाबत माझं मत ठाम आहे आणि वयाबरोबर ते अधिकच ठाम होत चाललं आहे.

आजकाल आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. २०२३ साली सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांच्या एका चित्राला पारितोषिक मिळालं आणि त्यांनी ते नाकारलं, कारण ते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेलं होतं आणि स्पर्धा घेणाऱ्यांना याचा विचार करायला लावण्यासाठीच त्यांनी ते पाठवलं होतं. अनेक स्पर्धा कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल मागतात. मला त्यात अविश्वास दिसत नाही. रॉ फाइल म्हणजे तुमच्या ओल्या काचेची खूण आहे. त्या दिवशी, त्या उजेडात, तुम्ही आणि तो माणूस समोरासमोर होतात याचा तो दाखला आहे. जपून ठेवा.

आता दृश्य बदलू द्या. निकालाची संध्याकाळ आहे. सभागृहातले दिवे मालवले जातात. प्रोजेक्टरचा पंखा घुमतो. तीन परीक्षक पुढच्या रांगेत बसले आहेत. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाच्या हाती दोन ते पाच गुण असतात, म्हणजे बेरीज सहापासून पंधरापर्यंत. एक फोटो येतो, जातो. दुसरा येतो. सलोनमध्ये तर एकेका फोटोला काही सेकंदच मिळतात. मनातल्या मनात सावकाश पाच आकडे मोजा. एक. दोन. तीन. चार. पाच. एवढाच वेळ. तुमची तीन महिन्यांची मेहनत या पाच आकड्यांतून जाणार आहे.

आणि मग तुमचा फोटो येतो.

इथं शरीराकडे लक्ष द्या. पोटात काहीतरी आवळतं, कानशिलं तापतात, श्वास अडकतो. अजून कुणी काही बोललेलं नाही, गुण पडलेले नाहीत, तरी एक विलक्षण गोष्ट होऊन गेलेली असते: तुम्हाला तुमचा फोटो पहिल्यांदाच खरा दिसतो. महिनाभर जो कोपरा दिसला नव्हता तो या एका क्षणी दिसतो. कोपऱ्यात ती पांढरी पिशवी होती, ती आता पडद्यावर दिव्यासारखी लखलखते आहे. परीक्षकानं बोट दाखवण्याआधीच तुम्हाला कळलेलं असतं. चार माणसांच्या शेजारी बसून पाहिलं की आपले डोळे त्यांचे डोळे उसने घेतात. घरी एकट्यानं कितीही पाहिलं तरी हे होत नाही. मला विचाराल तर क्लबच्या स्पर्धेची सगळी किंमत या एका क्षणात वसूल होते, पुढचे गुण हा वरचा हिशेब.

गुण येतात. अकरा. यंदा बाराच्या वरचे घेतले जाणार असतील, म्हणजे तुमचा राहिला. ही ठेच छातीत नेमकी कुठं लागते ते पाहा आणि तिथंच श्वास जाऊ द्या. लगेच परीक्षकाला मनातल्या मनात उत्तर देऊ नका. तो म्हणतो आहे ते ऐका. ‘नजर बाहेर जाते.’ ‘डोळ्यात चमक नाही.’ ‘विषय मधोमध आहे.’ यांतलं काही खरं असेल, काही त्याची सवय असेल. मधोमध उभा असलेला माणूस काही वेळा मधोमधच उभा राहायला हवा असतो. परीक्षक चुकू शकतो आणि चुकतो, हे मान्य करूनही त्याचं एक वाक्य घरी न्या. एकच. आठ दिवसांनी ते वाक्य अजून बोचत असेल तर त्यात तथ्य आहे. विसरला असाल तर सोडून द्या.

पंधरा आले, तर? टाळ्या होतात, शेजारचा खांदा थोपटतो. हा आनंद लपवू नका, तो कमावलेला आहे. पण याच क्षणापासून एक वाट फुटते, ती नीट पाहून ठेवा. सलोनमध्ये फोटो निवडले गेले की त्यांची मोजदाद होते, मोजदादीतून फियापचे एएफियाप, ईफियाप असे किताब मिळतात, नावापुढं अक्षरं लागतात. कित्येकांना या अक्षरांनी काम करत राहायचं बळ दिलं आहे, त्यांचा मला आदर आहे. तरीही एक माणूस तोच फोटो सात वर्षं पन्नास ठिकाणी पाठवत राहतो तेव्हा मला त्या फोटोची आणि त्याहून जास्त त्या माणसाची काळजी वाटते. त्या सात वर्षांत त्याच्या घरासमोरून किती पहाटा गेल्या असतील. ज्या फोटोला एकदा मान मिळाला त्याला घरी आणावं, चांगल्या कागदावर छापून भिंतीवर लावावं आणि आपण रिकाम्या कार्डासह पुन्हा बाहेर पडावं.

त्या संध्याकाळचं आणखी एक काम आहे आणि ते फार थोडे जण करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना, निकालाचा कागद न बघता आठवा: काल पाहिलेले दुसऱ्यांचे कोणते तीन फोटो लक्षात राहिले? नावं नकोत, गुण नकोत. वहीत एकेक ओळ लिहा. ‘पावसात एसटीच्या खिडकीला टेकलेलं कपाळ.’ ‘विहिरीत डोकावणारी बकरी.’ हे बहुधा पहिले आलेले फोटो नसतात. वर्षभर असं लिहिलंत तर वहीच्या शेवटी तुमच्या डोळ्यांना खरोखर काय आवडतं त्याची यादी तयार होईल. पुढच्या वेळी चार निवडताना ती उघडून बसा. आणि ज्याचा फोटो लक्षात राहिला त्याला तसं सांगा. त्याला कदाचित नऊ गुण मिळाले असतील आणि तो यापुढं फोटो पाठवायचा नाही असं ठरवून घरी गेला असेल.

आता परत या. तुमच्या खोलीत, तुमच्या खुर्चीत. बाहेर रस्ता शांत झाला असेल. पडद्यावरच्या चाळीसांकडे एकदा शेवटचं पाहा. आता निवड अवघड वाटणार नाही. तीन तर केव्हाच ठरले आहेत. चौथ्यासाठी दोन उरले असतील, एक परीक्षकांना आवडेल असा आणि एक तुम्हाला आवडलेला. आज तुम्हाला आवडलेला पाठवा. मापं पुन्हा तपासा, नाव काढलंय ना ते पाहा, शीर्षक वाचून पाहा, आणि पाठवून टाका.

लॅपटॉप बंद करण्याआधी एक काम राहिलं आहे. उजनीवरच्या त्या मच्छीमाराचा फोटो मी पुढं घरीच छापला, बारा बाय अठरा इंच, मॅट कागदावर. दोन वर्षांनी हिवाळ्यात तो गुंडाळून कुंभारगावला नेला. आमच्या नाववाल्यानं पाठमोऱ्या सावलीवरून त्याला लगेच ओळखलं आणि हाक मारून बोलावलं. तो माणूस हात लुंगीला पुसून आला, प्रिंट दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ पाहत राहिला. चेहरा दिसत नाही याची त्यानं तक्रार केली नाही. फक्त म्हणाला, ‘त्या दिवशी जाळं फाटलं होतं.’ मला ते माहीत नव्हतं.

तुमच्या चार फोटोंतही कुणीतरी माणूस असेल. निकाल काहीही लागो, त्याची एक प्रिंट काढा आणि त्याच्या हातात देऊन या.